शेजारच्या आजींच्या खोक्यात जुनी पिनअप मासिकं सापडली, त्यांच्या मुलीला सांगू का?

नेहा_एडिसन:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय कारण हे दुसरीकडे कुणाला विचारावं तेच कळत नाहीये. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. शेजारच्या घरात एक अमेरिकन आजी एकट्या राहायच्या, ९२ वर्षांच्या होत्या, मागच्या महिन्यात गेल्या. सात-आठ वर्षं दर शनिवारी मी त्यांना ग्रोसरीला घेऊन जायचे, माझ्या हातचा शिरा त्यांना फार आवडायचा, माझ्या लेकीला त्यांनी मशीनवर शिवायला शिकवलं. त्यांची मुलगी ओरेगनला असते, ती घर रिकामं करायला आली तेव्हा मला म्हणाली तुला हवं ते घेऊन जा, बाकी सगळं कचऱ्यात जाणार आहे. मी ते शिवणाचं मशीन घेतलं आणि टोप्या ठेवायचं एक मोठं खोकं घेतलं, लेकीला त्या टोप्या आवडायच्या म्हणून.

घरी येऊन उघडलं तर वर दोन टोप्या, त्याखाली टिशू पेपर आणि त्याच्याखाली १४ मासिकं. 'विंक', 'टिटर', 'आयफुल', 'ब्युटी परेड' अशी नावं, सगळी १९४८ ते १९५४ मधली, कव्हरवर किंमत २५ सेंट. कव्हरवर रंगवलेली हसरी मुलगी, उंच टाचांचे बूट, स्टॉकिंग्ज, आणि आत ब्लॅक अँड व्हाइट फोटो. पूर्ण नग्न असं कुठेच काही नाही, आजच्या मानाने तर काहीच नाही, पण तेव्हा ही मासिकं काउंटरखालून विकत असतील असं वाटतं.

आता खरं कारण. १९५२ च्या एका अंकात एका पानाचा कोपरा दुमडलाय. तिथे चार पानांची फोटोंची गोष्ट आहे, दोन मुली खोलीला वॉलपेपर लावताहेत, शिडी घसरते, एकीचा पाय खळीच्या बादलीत जातो, स्टॉकिंग फाटतं, असं काहीतरी. आणि बादलीत पाय गेलेल्या मुलीशेजारी समासात पेन्सिलने एक बारीक बाण काढलाय आणि इंग्रजीत लिहिलंय, 'मी'.

मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते आणि हे कधी बोलण्यात आलं नाही. म्हणायच्या, लग्नाआधी न्यूयॉर्कला नोकरी करत होते, बास. मुलीलाही बहुतेक माहीत नाही, नाहीतर तिने खोकं असं न बघता दिलं नसतं. ही मासिकं नेमकी काय होती, कशी जपायची, आणि मुख्य म्हणजे मुलीला सांगावं की आजींनी लपवून ठेवलेलं ते तसंच राहू द्यावं? कृपया मनापासून सांगा.

---

कागदवाला:

नेहाताई, सगळ्यात आधी एक सांगतो, तो बाण खोडू नका, रबर जवळसुद्धा नेऊ नका. बाजारात पेन्सिलच्या खुणेने किंमत कमी होते, पण तुमच्याकडचा तो अंक बाजाराचा राहिलेलाच नाही.

मी पुण्यात जुन्या बाजारात रविवार-बुधवार चकरा मारणारा माणूस, मुख्य नाद दिवाळी अंकांचा, पण त्या काळातल्या अमेरिकन मासिकांवरही बरीच वर्षं वाचतोय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. तुम्ही दिलेली चारही नावं एकाच माणसाची, न्यूयॉर्कचा रॉबर्ट हॅरिसन. १९४१ ला त्याने 'ब्युटी परेड' काढलं, ते चाललं तसं 'आयफुल', 'टिटर', 'विंक', 'व्हिस्पर', 'फ्लर्ट' अशी एकेक भर घालत गेला. सगळ्यांचा साचा एकच. वर रंगवलेलं कव्हर, आत बर्लेस्कच्या, म्हणजे थट्टा आणि चावट नाचांच्या खेळांच्या, स्टेजवर नाचणाऱ्या मुलींचे फोटो, आणि मध्ये तुम्ही म्हणताय तशा फोटोंच्या गोष्टी, खाली कोट्या केलेल्या ओळी. शिडीवरून पडणं, बादलीत पाय जाणं, नळ फुटून भिजणं हा सगळा बर्लेस्कच्या प्रहसनातला मसाला, तो उचलून त्याने कॅमेऱ्यासमोर ठेवला. एडिथ फॅरेल नावाची एक बाई त्याची संपादक होती, आणि पैसे वाचवायला हॅरिसन स्वतःसुद्धा वेषांतर करून त्या फोटोंत उभा राहायचा, म्हणजे तुमच्या १४ अंकांत एखादा खलनायक वगैरे दिसला तर नीट बघा, तो मालकच असू शकेल.

आपल्याकडच्या लोकांना पटकन समजावं म्हणून सांगतो, मधुकर पाटकरांनी १९५१ ला 'आवाज' दिवाळी अंक सुरू केला, त्यातली खिडकी चित्रं आठवा. खिडकी बंद असताना वाचकाच्या मनात भलतंच येतं आणि उघडली की साधंच काहीतरी निघतं. हॅरिसनच्या फोटोकथांची जात तीच, पुढच्या फोटोत आता काय दिसणार असं वाटायला लावायचं आणि दिसतं काय तर फाटलेलं स्टॉकिंग आणि वैतागलेलं तोंड. मला यातला चावटपणा निरागस वाटतो असं मी म्हणणार नाही, पण त्यात हसवण्याची मेहनत आहे आणि ती मेहनत त्या मुलींनी केलेली आहे.

१९५५ च्या सुमारास यातली बहुतेक बंद पडली. एक तर डिसेंबर १९५३ ला 'प्लेबॉय' आलं, आणि दुसरं म्हणजे हॅरिसननेच १९५२ ला 'कॉन्फिडेन्शियल' हे सिनेनटांच्या लफड्यांचं मासिक काढलं, त्याचा खप अंकामागे ४० लाखांच्या वर गेला, मग त्याला या २५ सेंटवाल्या मासिकांत रस कशाला राहील.

जपायचं कसं ते सांगतो. आतला कागद स्वस्तातला, लाकडाच्या लगद्याचा, त्यात लिग्निन असतं म्हणून तो पिवळा पडतो आणि कडा बिस्किटासारख्या तुटतात. तुमच्या आजींच्या खोक्यात अंधार होता म्हणून इतके टिकले, पण ते खोकं पुठ्ठ्याचं असणार आणि त्या पुठ्ठ्यातसुद्धा ॲसिड असतं, तेव्हा आता परत त्यात ठेवू नका. कॉमिक्सच्या दुकानात मासिकाच्या मापाची पॉलिएस्टरची पाकिटं आणि ॲसिड-फ्री बोर्ड मिळतात, एका पाकिटात एकच अंक, आडवे ठेवा, बेसमेंटमध्ये नको आणि माळ्यावर पण नको, माणसं राहतात त्या खोलीतल्या कपाटात ठेवा. सेलोटेप अजिबात नको, लॅमिनेशन तर नकोच नको. स्टेपल गंजल्या असतील तर स्वतः उपसू नका, मधलं पान फाटतं. डांबराच्या गोळ्या पण नकोत. कसर लागलीय का ते बघायचं असेल तर कडेला बारीक कुरतडल्यासारखं दिसतं का पाहा.

आणि अंक अस्सल आहेत का असा प्रश्न तुमच्या बाबतीत येतच नाही, पण वाचणाऱ्या इतरांसाठी म्हणून, दोन गोष्टी जवळ ठेवाव्यात, एक दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एक अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. भिंगाखाली जुन्या छपाईचे ठिपके वेगवेगळे दिसतात, लाल, पिवळा, निळा, काळा. आणि अंधाऱ्या खोलीत टॉर्च मारला की अलीकडचा पांढरा कागद निळसर चमकतो, कारण साधारण १९५० नंतर कागदात उजळपणाची रसायनं घालायला लागले. १९४८ चा म्हणून कुणी विकत असेल आणि पान चमकलं तर पैसे देऊ नका.

---

उपयोजित:

कागदवाला काकांनी आतलं सांगितलं, मी कव्हरवर लिहितो, मी जे.जे. ला उपयोजित कला शिकलोय आणि हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

नेहाताई, कव्हरच्या खालच्या कोपऱ्यात सही बघा. बहुतेक अंकांवर पीटर ड्रिबेन असं दिसेल. बॉस्टनचा माणूस, पॅरिसला शिकला, हॉलिवूडच्या 'द माल्टीज फाल्कन' या १९४१ च्या सिनेमाचं पोस्टर त्याचं. हॅरिसनची कव्हरं म्हणजे जवळजवळ ड्रिबेनच. मागे सपाट पिवळा नाहीतर लाल रंग, बाकी खोली नाही, पडदा नाही, काहीच नाही, एक खुर्ची किंवा एक टेलिफोन आणि ती मुलगी. आमचे सर म्हणायचे मासिकाचं कव्हर हातात घेऊन बघायचं नसतं, रस्ता ओलांडताना बघायचं असतं. न्यूजस्टँडवर चाळीस मासिकं एकावर एक लटकलेली, त्यात दहा पावलांवरून काय दिसेल तर तो पिवळा चौकोन आणि त्यावर पायांची एक लांब तिरकी रेघ. एक अंक भिंतीला टेकवून दहा पावलं मागे जाऊन बघा, मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

यांच्यापेक्षा वरच्या थरातले लोक होते ते कॅलेंडर आणि 'एस्क्वायर' या पुरुषांच्या मासिकामध्ये. १९३३ ला निघालेल्या 'एस्क्वायर' मध्ये आधी जॉर्ज पेटी, मग १९४० पासून पेरूहून आलेला आल्बेर्तो व्हार्गास. तो जलरंग आणि एअरब्रश असं काम करायचा, त्यामुळे त्वचेवर ब्रशचा एकही फटका दिसत नाही. आपल्याकडे रघुवीर मुळगावकरांचं स्प्रेचं काम ज्यांनी बघितलंय त्यांना तो गुळगुळीतपणा ओळखीचा वाटेल, मुळगावकरांनी त्याच हत्याराने देवादिकांचे चेहरे रंगवले. मिनेसोटाच्या ब्राउन अँड बिगेलो या कॅलेंडर कंपनीसाठी गिल एल्व्हग्रेन तैलरंगात काम करायचा, आधी मॉडेलला प्रत्यक्ष वस्तूंसकट उभं करून फोटो काढायचा आणि मग त्यावरून चित्र. आणि झोई मोझर्ट म्हणून एक बाई होती या धंद्यात, ती आरशासमोर बसून स्वतःच स्वतःची मॉडेल व्हायची. मला तिच्या चित्रातल्या बाया कायम वेगळ्या वाटतात, त्या बघणाऱ्याकडे बघताना दचकलेल्या नसतात. एल्व्हग्रेनच्या मुली दारात स्कर्ट अडकला की गोल तोंड करून दचकतात, मोझर्टच्या नाही.

मला जे लागतं ते हे की या कव्हरांची मूळ चित्रं छापून झाली की कुणाला नको असायची, कित्येक कचऱ्यात गेली. 'एस्क्वायर' ने स्वतःकडची चित्रं १९८० ला कॅन्सस विद्यापीठाला दिली, म्हणून व्हार्गासचं काम आज म्युझियममध्ये बघता येतं. पण ड्रिबेनच्या बऱ्याच कामाचं जे काही उरलंय ते म्हणजे तुमच्या खोक्यातला तो २५ सेंटचा छापील कागदच. नीट जपा.

---

विद्या_सांगली:

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. ज्या बाईने ७० वर्षं एखादी गोष्ट टोप्यांच्या खाली ठेवली तिची इच्छा स्पष्ट आहे असं मला वाटतं. मुलीला सांगून काय मिळणार? आईबद्दल मनात एक चित्र असतं ते हलतं. आणि रंगरेषा, एअरब्रश, न्यूजस्टँड हे सगळं ठीक आहे, पण ही मासिकं पुरुषांनी काढली, पुरुषांनी विकत घेतली, पैसे पुरुषांनी कमावले. फोटोतल्या मुलीचं नावसुद्धा खाली छापलेलं नसेल. त्यात कलेचं कौतुक करताना मला तरी अवघड जातं. वीस वर्षांची मुलगी, न्यूयॉर्कमध्ये एकटी, तिने हे हौसेने केलं की भाडं भरायला केलं हे आपल्याला कुणालाच माहीत नाही. नेहा, तू ते अंक जप, पण गप्प राहा असं मी सांगेन.

---

मृणाल_शिकागो:

विद्याताई, तुमचा मुद्दा मला मनापासून पटतो, विशेषतः नावाचा, आणि म्हणूनच मी उलट्या बाजूने लिहितेय.

मी इथे थिएटर शिकते आणि बर्लेस्कवर माझं काम चालू आहे. मुळात बर्लेस्क म्हणजे कपडे उतरवणं नव्हतंच, बर्लेस्क म्हणजे टर उडवणं. १८६८ ला लिडिया थॉम्पसन नावाची इंग्लिश नटी आपली बायकांची कंपनी घेऊन न्यूयॉर्कला आली, बायकांनी पुरुषांचे वेष घालून ग्रीक पुराणातल्या मोठमोठ्या लोकांची थट्टा करायची, आणि लोकांना राग आला तो पायांचा नव्हता फक्त, या बायका तोंड वर करून बोलतात याचा होता. पुढे त्यात विनोदी नट आले, ॲबट आणि कॉस्टेलो ही पुढे सिनेमात गाजलेली विनोदी जोडी तिथेच तयार झाली, आणि १९२०-३० पर्यंत मिन्स्की बंधूंच्या थिएटरात स्ट्रिपटीज हा मुख्य भाग झाला. १९३७ ला ला गार्डिया मेयर असताना न्यूयॉर्कच्या बर्लेस्क थिएटरांची लायसन्स रोखली गेली, आणि नंतर उघडायची परवानगी मिळाली तर पाटीवर बर्लेस्क हा शब्द नको आणि मिन्स्की हे नावही नको.

तारखा शेजारीशेजारी ठेवून बघा. १९३७ ला न्यूयॉर्कच्या स्टेजवरून बर्लेस्क हाकललं आणि चार वर्षांत न्यूयॉर्कमध्येच 'ब्युटी परेड' निघालं. माझं असं ठाम मत आहे की जे नाच आणि जी प्रहसनं शहरात तिकीट काढून बघता येईनात ती २५ सेंटच्या कागदावर आली. वॉलपेपर आणि खळीची बादली हे तर सरळ स्टेजवरचं आहे, विनोदी नट असेच पडायचे, फक्त इथे त्या पुरुषांच्या जागी मुलगी पडते. पडण्याचं टायमिंग फोटोत आणणं सोपं नाही, दिव्याखाली उभं राहून पुन्हा पुन्हा घसरावं लागतं. तुमच्या आजींनी ते केलंय.

नावांचं सांगते. या मुलींना नावं असायची पण ती त्यांची नसायची. जिप्सी रोझ ली म्हणजे रोझ लुईस होव्हिक, टेम्पेस्ट स्टॉर्म म्हणजे जॉर्जियाच्या खेड्यातली ॲनी ब्लांश बँक्स, ब्लेझ स्टार म्हणजे फॅनी बेल फ्लेमिंग. जॉर्जिया सदर्न नावाच्या नर्तकीने १९४० ला एच. एल. मेंकन या लेखकाला पत्र लिहिलं की आमच्या कामाला जरा प्रतिष्ठेचा शब्द द्या, तर त्याने प्राण्यांच्या कात टाकण्याला जो ग्रीक शब्द आहे त्यावरून 'एक्डिसिअस्ट' असा शब्द बनवून दिला. मराठीत मला तो फार आवडतो, कात टाकणारी. स्वतःच्या कामाला स्वतः नाव मागायला गेलेली बाई आहे ती, हे विसरू नये.

आणि बहुतेक जणी तर स्टेजवरच्याही नव्हत्या, साध्या मॉडेल. त्या काळात न्यूयॉर्कमध्ये कॅमेरा क्लब असायचे, हौशी फोटोग्राफर वर्गणी काढून मॉडेल ठरवायचे. बेटी पेज, त्या काळातली सगळ्यात गाजलेली पिनअप मॉडेल, तिथूनच आली. टेनेसीची, नॅशव्हिलची, १९५० ला कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर जेरी टिब्स या पोलिसाने, तो फोटोग्राफरही होता, तिला विचारलं आणि कपाळावर केस कापून घे असा सल्लाही त्यानेच दिला, तेच केस पुढे तिची ओळख झाले. हॅरिसनच्या मासिकांत १९५१ नंतर ती सारखी दिसते, तेव्हा नेहाताई, तुमच्या अंकांत काळे केस कपाळावर सरळ कापलेली मुलगी दिसली तर ती तीच. १९५४ ला बनी यीगर या फोटोग्राफर बाईने फ्लोरिडात तिचे फोटो काढले, आणि बेटीने उन्हात काढून घेतलेले ते फोटो बघितले की कळतं कॅमेऱ्यामागे कोण उभं आहे याने चेहरा किती बदलतो.

१९५५ ला सेनेटर केफॉव्हरच्या समितीने असल्या फोटोंवर सुनावणी घेतली, फोटो विकणारा अर्व्हिंग क्लॉ याला बोलावलं. नंतर त्याने आपल्याकडच्या निगेटिव्ह नष्ट करायला घेतल्या आणि त्याची बहीण पॉला हिने त्यातल्या गुपचूप बाजूला काढून ठेवल्या. आज आपण बेटी पेजचे जे फोटो बघतो त्यातले बरेच त्या बहिणीमुळे उरले. एका बाईने लपवून ठेवलं म्हणजे तिला लाज वाटत होती असं प्रत्येक वेळी नसतं, कधी कधी कुणी जाळू नये म्हणून लपवतात.

एक गोष्ट मात्र या मासिकांच्या बाजूने बोलताना लपवू नये, यात जवळजवळ सगळ्या गोऱ्याच मुली आहेत. त्याच काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या फॉरबिडन सिटी क्लबात चिनी वंशाची नोएल टॉय पंख्यांचा नाच करत होती, पण तुमचे १४ च्या १४ अंक चाळलेत तरी अशा चेहऱ्यांची संख्या शून्याच्या आसपास असेल.

आता मुलीबद्दल. त्या पानाचा कोपरा दुमडलाय, बाण काढलाय आणि 'मी' असं लिहिलंय. स्वतःला कळायला कुणी बाण काढत नाही हो. त्यांना ठाऊकच होतं ती कोण आहे. ते कुणीतरी वाचावं म्हणूनच लिहिलंय. सांगा तिला.

---

वकील_ठाणे:

कायद्याच्या अंगाने थोडं, कारण नेहाताई उद्या हे अंक कागदवाला काकांना भेट म्हणून पाठवायचा विचार करतील. पाठवू नका. कस्टम्स कायद्याच्या कलम ११ खाली १९६४ ची अधिसूचना आहे, अश्लील पुस्तकं, चित्रं आयात करायला बंदी. विक्री आणि प्रदर्शनाला पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २९२ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २९४. कला, साहित्य, विद्या यांसाठी सवलत आहे आणि २०१४ ला अवीक सरकार खटल्यात सुप्रीम कोर्टाने जुनी हिकलिन कसोटी (कच्च्या मनाचा वाचक बिघडेल का, एवढंच बघणारी) सोडून समाजाची आजची मोजपट्टी धरली, माझ्या मते तुमचे अंक त्यात अश्लील ठरणार नाहीत, पण काउंटरवरच्या अधिकाऱ्याला ते पटवण्यात पार्सल अडकून पडेल.

अमेरिकेत याच काळात मोठी लढाई झाली ती टपालाच्या दरावरून. १९४३ ला पोस्टमास्टर जनरलने 'एस्क्वायर' ची सेकंड क्लास टपालाची सवलत काढली, व्हार्गासची चित्रं हे एक कारण. सवलत नसेल तर वर्षाला ५ लाख डॉलर जास्त पडणार होते, म्हणजे बंदी न घालता मासिक मारायचं. १९४६ ला सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की काय वाचण्यासारखं आहे हे ठरवायचा अधिकार पोस्टखात्याला नाही, निकाल न्यायमूर्ती डग्लस यांचा.

आणि विद्याताई, आपल्याकडे र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' काढत होते, मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं रेखाचित्र असायचं, शरीराची लाज वाटू नये म्हणून ठरवून. त्यांच्यावर खटले झाले, १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. कर्व्यांचा हेतू आणि हॅरिसनचा हेतू यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, मी एका तागडीत टाकत नाहीये. पण १९५३ ला कर्वे गेले आणि 'समाजस्वास्थ्य' थांबलं, त्याच वर्षी तिकडे 'प्लेबॉय' निघालं, हे मला वकिलीच्या पहिल्या वर्षापासून खटकत आलंय. शरीराबद्दल शिकवणारं बंद पडलं आणि विकणारं सुरू झालं.

---

विद्या_सांगली:

मृणाल, तुझं बाणाचं म्हणणं वाचून मी दोन दिवस विचार करत होते. माझी आई गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत एका नाटकाचं हँडबिल निघालं होतं, त्यावर तिचं माहेरचं नाव होतं. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं ती नाटकात काम करायची. विचारायला कुणी उरलंच नव्हतं. नेहा, सांग तिला. लवकर सांग.

---

नेहा_एडिसन:

सगळ्यांचे खूप आभार, उशिरा लिहितेय. विद्याताई, तुमचा शेवटचा प्रतिसाद वाचून त्याच रात्री मी तिला फोन केला. फोनवर नीट सांगता येईना, शेवटी एवढंच म्हटलं की तुझ्या आईचे फोटो सापडलेत, मासिकात छापून आलेले आहेत, तू बघ आणि मग ठरव. घराच्या कागदपत्रांसाठी तिला यायचंच होतं, ती गेल्या रविवारी आली.

त्याआधी मी सगळे अंक पाकिटात घालून ठेवले होते. टॉर्च मागवला होता, उपयोजित म्हणतात तशी कव्हरं लांबून बघितली, १४ पैकी ११ वर ड्रिबेनची सही आहे. मृणाल, बेटी पेज दोन अंकांत आहे. तुझ्या म्हणण्याप्रमाणे बाकी सगळे चेहरे गोरेच आहेत, एकेक पान उलटून बघितलं. आणि काका, एका फोटोकथेत खोट्या मिशा लावलेला एक माणूस आहे, तो हॅरिसन आहे की नाही ते तुम्हीच सांगा, फोटो वेगळा पाठवते.

ती डायनिंग टेबलापाशी बसली, मी चहा ठेवला, १९५२ चा अंक पाकिटातून काढून ते पान उघडून तिच्यासमोर ठेवलं आणि मी स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ काही आवाज नाही. मग तिने मला हाक मारली आणि विचारलं, हे अक्षर बघितलंस का, हे तिचं नंतरचं अक्षर आहे. म्हातारपणी हात कापायला लागल्यावर आजींचा एम असा तुटक यायचा, ग्रोसरीच्या यादीत मी तो शेकडो वेळा वाचलाय आणि तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं. म्हणजे तो बाण १९५२ चा नाही. शेवटच्या चार-पाच वर्षांतला आहे.

तिने भिंग मागितलं. चेहऱ्यावर धरलं, पण भिंगाखाली चेहरा राहतच नाही, नुसते काळे ठिपके दिसतात. तिने ते बाजूला ठेवलं, पान हातभर लांब धरलं आणि म्हणाली, पडताना ती अशीच ओठ चावायची, किचनमध्ये स्टुलावर चढली की. मग तिने ते फाटलेलं स्टॉकिंग दाखवून विचारलं की हे खरं फाटलंय की मुद्दाम फाडलंय, कारण आई एक धागा निघाला तरी रात्री बसून रफू करायची. मला काय सांगता येणार.

तो एक अंक ती घेऊन गेली, बोर्डासकट. बाकीचे १३ माझ्याकडेच ठेव म्हणाली, आणि त्यातल्या आणखी कुठल्या पानावर ती दिसते का ते मी शोधावं असं सांगून गेली. बाण एकच आहे, पण कोपरे दुमडलेली अजून दोन पानं निघाली आहेत, एक १९५१ च्या 'टिटर' मध्ये आणि एक १९५३ च्या 'आयफुल' मध्ये, दोन्ही पानांवर चार-चार मुली. मृणाल, तुला स्कॅन पाठवले तर कान आणि हनुवटीवरून काही ताडता येईल का? तिने आईचा लग्नातला फोटो मला मेल केलाय, १९५६ चा.

---

मृणाल_शिकागो:

पाठवा. पानं दाबून सपाट करू नका, जेवढी आपोआप उघडतील तेवढीच उघडा, कडेचा भाग अंधारात आला तरी चालेल. आणि त्या लग्नातल्या फोटोत हात दिसत असतील तर तो भाग मोठा करून पाठवा, या मासिकांत चेहऱ्यावर रिटच करायचे, हातांवर फारसं कुणी करत नसे.